मामांच्या डब्यातली टेलिफोन कार्डं : प्रकल्प नोंदी

३० डिसेंबर २०२३, शनिवार

दुकान बंद करता करता मामा आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा. "घर आवरताना सापडला, तुझ्या कामाचा असला तर ठेव, नाहीतर भंगारात घाल." आत ४१ टेलिफोन कार्डं. मामा १९८६ ते २००४ मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. मार्सेय, हॅम्बुर्ग, कोबे, जेनोवा, जिथं जहाज लागलं तिथलं कार्ड घेतलं आणि संपल्यावर फेकलं नाही. सोलापूरचा माणूस, दोरीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणार.

आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. मामा हॅम्बुर्गहून बाळीवेशीतल्या पीसीओवर फोन लावायचे. तिथला पोऱ्या "थांबा, बोलावतो" म्हणून आजीला आणायला पळायचा. आजी पायात चपला घालून, पदर सारखा करून, चौकापर्यंत चालत येईस्तोवर तिकडे फोनच्या पडद्यावरचा आकडा भराभरा उतरायचा. मामा म्हणाले, "निम्मं कार्ड तुझ्या आजीच्या चालण्यात जायचं. मग आम्ही रविवार संध्याकाळ ठरवून घेतली, ती आधीच येऊन बसायची."

हा आकडा उतरायचा म्हणजे नेमकं काय व्हायचं? कार्डावर ना पट्टी, ना तार. नुसती सोनेरी चकती. रिपेअरिंगच्या धंद्यात वीस वर्षं काढली, रोज सिमकार्डं हाताळतो, पण या साध्या कार्डाच्या आत काय आहे हे कधी बघितलं नाही. नवीन वही काढली.

३१ डिसेंबर, रविवार

वर्गवारी केली. फ्रान्सची १९, जर्मनीची १३, जपानची ६, इटलीची ३. पैकी चिप फक्त फ्रान्स आणि जर्मनीच्या कार्डांना आहे. इटलीचं कार्ड चुंबकीय, त्याचा एक कोपरा फाडल्याशिवाय ते चालत नसे, म्हणून तिन्ही कार्डांचे कोपरे गायब. जपानचं कार्ड पातळ, तेही चुंबकीय, पण त्याला बारीक भोकं पडलेली. जसजसं कार्ड संपेल तसतसं यंत्र भोक पाडत जायचं, म्हणजे किती उरलंय ते माणसाला अंदाजानं दिसायचं.

चुंबकीय कार्डाची अडचण अशी की पट्टीवर जे लिहिता येतं ते पुन्हाही लिहिता येतं. कॅसेटसारखंच. भरलेल्या कार्डाची नक्कल रिकाम्यावर उतरवणाऱ्याला फार हुशारी लागत नाही. चिपचा खटाटोप त्यासाठी.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

मंगळवार बाजारात गेलो. कार्ड वाचायला खाच हवी. नवीन मागवली तर आठ दिवस, म्हणून जुने सेट टॉप बॉक्स शोधले. डीटीएचच्या जुन्या बॉक्समध्ये कार्डाची खाच असते, तीच मापाची. भंगारवाल्यानं दोन बॉक्सचे ऐंशी मागितले, साठला दिले. खाच उतरवताना एक पत्ती मोडली, बरं झालं दोन घेतले.

जोडणीबद्दल लिहून ठेवतो. चकतीवर आठ चौकोन असतात, दोन रांगांत चार-चार. जर्मन कार्डाला त्यातले पाचच लागतात: पाच व्होल्टचा पुरवठा, जमीन, रीसेट, क्लॉक आणि आत-बाहेर करणारी एक तार. दुकानात पडलेला आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालून चालवायचा छोटा बोर्ड) पाच व्होल्टवरच चालतो, त्यामुळे मध्ये काही घालायची गरज नाही.

खोडरबरनं सगळ्या चकत्या घासल्या. पंचवीस-तीस वर्षांचा काळपट थर निघाला, खाली सोनं तसंच.

४ जानेवारी, गुरुवार

वाचलं. कचरा. दर वेळी वेगळा कचरा. एकाच कार्डाचा क्रमांक तीनदा वाचला, तीन वेगळे आले. कार्ड मेलंय म्हणून दुसरं घातलं, तेही तसंच. रात्री साडेदहापर्यंत डोकं चालेना.

५ जानेवारी, शुक्रवार

सकाळी चहा पिताना उजाडलं. कार्डाची डेटाची तार फक्त खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. वर ओढायला बाहेरून रेझिस्टर लागतो. दहा किलो ओहमचा एक लावला आणि तिन्ही वेळा एकच क्रमांक आला. पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर त्याला झापलं असतं अशी चूक.

आता हे वाचन कसं चालतं ते. बँकेच्या कार्डात किंवा सिममध्ये प्रोसेसर असतो, त्याला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. टेलिफोन कार्डात तसा कोणी बसलेला नाही. आत थोडेसे बिट, म्हणजे "०" किंवा "१" ठेवायच्या जागा, आणि त्यांच्यापुढे उभा एक मोजणारा. रीसेट दिला की मोजणारा शून्यावर येतो आणि शून्याव्या जागेवरचा बिट तारेवर दिसतो. क्लॉकचा एक ठोका दिला की पुढचा बिट. अजून एक ठोका, त्याच्या पुढचा. मधल्या कुठल्या बिटावर थेट उडी मारता येत नाही.

आजीची जपमाळ आठवली. सत्तावन्नावा मणी हवा तर मेरुमण्यापासून सत्तावन्न मणी ओढायचे. रीसेट म्हणजे मेरुमणी.

आमच्या जर्मन कार्डांत सीमेन्सच्या एसएलई ४४०६ जातीची चिप आहे. सगळी मिळून १०४ बिट, म्हणजे तेरा अक्षरांची जागा. माझं नाव आणि आडनावसुद्धा त्यात पूर्ण बसत नाही. पहिले ६४ बिट ओळखीचे: कोणी बनवली, कोणी विकली, अनुक्रमांक काय. हे कारखान्यातून बाहेर पडताना कायमचे बंद होतात. उरलेले ४० बिट म्हणजे शिल्लक.

७ जानेवारी, रविवार

चाळीस बिट शिल्लक म्हणजे चाळीसच युनिट का? मग १२ मार्काचं कार्ड कसं चालेल? १२ मार्क म्हणजे १२०० फेनिश, आणि ही कार्डं फेनिशात मोजतात. दुपारी दुकान बंद होतं, त्यामुळे निवांत बसलो.

चाळीस बिटांचे पाच खण पडतात, प्रत्येकात आठ बिट. शेवटच्या खणातला प्रत्येक बिट एकाचा. त्याच्या आधीच्या खणातला आठाचा. त्याआधी चौसष्टाचा, मग ५१२ चा आणि सगळ्यात पहिल्या खणातला ४०९६ चा. खणात जितके "१" उरलेत तितकी त्या खणाची किंमत. बालवाडीतली मणीपाटी असते ना, तशीच, फक्त दहाच्या जागी आठ.

पहिलं कार्ड घेतलं, वर किल्ल्याचं चित्र, खाली १२ डीएम. शेवटचे पाच खण असे आले:

०००००००० · ०००००००० · ०००१११११ · ०००००१११ · ०००००१११

म्हणजे पाच चौसष्टे ३२०, तीन अठ्ठे २४, वर ३. एकूण ३४७. तीन मार्क सत्तेचाळीस फेनिश. १ जानेवारी २००२ ला जर्मनीत युरो हातात आला, मार्क गेला, पण या कार्डाला ते माहीत नाही. ते अजून ३४७ म्हणतंय. चिप बनवणारे दहा वर्षांची हमी देतात, ही पंचवीस वर्षं टिकलीय.

मामांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "तीन मार्क? एवढे उरले कसे? नक्की लाईन कटली असणार, आणि सायंकाळी जहाज सुटलं असणार."

१३ पैकी ९ जर्मन कार्डं नीट वाचली गेली. चार मुकी. वाचलेल्या नवांत एक ५० मार्कांचं आहे, ज्यात ४११८ शिल्लक. हे कोणी जवळपास न वापरताच ठेवलं! मामांना अजून सांगितलं नाही, आता वाईट वाटेल.

१० जानेवारी, बुधवार

फ्रेंच कार्डं. खाचेत घातली तर संपर्कच होईना. नीट बघितलं तर चकतीच वेगळ्या जागी, कार्डाच्या कडेकडे वर सरकलेली. फ्रेंचांनी चकती आधी आपल्या मानकाप्रमाणे बसवली, मग आंतरराष्ट्रीय मानक आलं त्यानं ती खाली आणली. मध्ये कित्येक वर्षं दोन्ही चालत होत्या. पेनमधल्या स्प्रिंगा कापून एका लाकडी पट्टीवर आठ टोकं बसवली, चिमट्यानं दाबून वाचलं. दिसायला भयंकर आहे.

फ्रान्स या सगळ्याचं माहेर. रोलाँ मोरेनोनं २५ मार्च १९७४ ला मेमरी कार्डाचं पेटंट टाकलं. गंमत म्हणजे त्याची मूळ कल्पना कार्डाची नव्हती, अंगठीची होती, बोटातल्या अंगठीत चिप. त्याच्याही आधी, १९६०च्या दशकाच्या शेवटी, जर्मनीत हेल्मुट ग्रोट्रुप आणि युर्गेन डेटलॉफ यांनी प्लास्टिकमध्ये चिप बसवायचं पेटंट मागितलं होतं. हा ग्रोट्रुप दुसऱ्या महायुद्धात व्ही-२ अग्निबाणाच्या मार्गदर्शन यंत्रणेवर काम करणारा. अग्निबाणापासून फोनच्या कार्डापर्यंत, काय प्रवास असेल! फ्रान्समध्ये १९८३ पासून टेलिकार्त फोनच्या बूथमध्ये आलं आणि त्यामुळे चिप सामान्य माणसाच्या पाकिटात शिरली.

पहिल्या पिढीच्या फ्रेंच कार्डात २५६ बिट. पहिले ९६ ओळखीचे, कारखान्यात एक फ्यूज जाळून कायमचे बंद. उरलेल्या १६० बिटांत युनिट. इथं खण-बिण काही नाही, एक युनिट म्हणजे एक बिट. ५० युनिटचं किंवा १२० युनिटचं कार्ड, जितकी युनिटं तितके बिट जाळायचे. कारखाना आधी दहा बिट स्वतःच जाळून बघतो, चालतंय का म्हणून. तरीही १६० त जागा पुरते.

जाळायचे म्हणजे खरंच जोर लावायचा. ही ईप्रॉम जातीची मेमरी, बिट लिहायला २१ व्होल्ट लागतात. ते देण्यासाठी चकतीवर वेगळा चौकोन आहे. वाचायला पाच पुरतात. माझ्याकडे वाचायचंच काम आहे, त्यामुळे २१ च्या वाटेला गेलो नाही. १९ पैकी १७ पूर्ण जळालेली. फ्रान्समध्ये मामा कार्ड चाटूनपुसून संपवायचे असं दिसतंय.

१२ जानेवारी, शुक्रवार

दुकानात शिकायला येतो तो पोरगा म्हणाला, "सर, ईप्रॉम अल्ट्राव्हायोलेटनं पुसतात की. एक ट्यूब लावू, सगळी कार्डं परत भरतील."

प्रश्न चांगला आहे म्हणून लिहून ठेवतो. एक, चिपवर अपारदर्शक राळेचा थेंब असतो, प्रकाश आत जात नाही. दोन, समजा घातला, तरी अल्ट्राव्हायोलेट निवडून पुसत नाही. युनिटबरोबर ओळखीचे ९६ बिटही पुसले जातील, आणि ते परत लिहायचा फ्यूज तर केव्हाच जळालाय. नाव-गाव नसलेलं कार्ड फोन उभं करणार नाही. तीन, आता फ्रान्समध्ये बूथ जवळजवळ उरलेच नाहीत, तू कुठं लावणार?

तिसऱ्यावर तो हसला. पहिल्या दोनांवर विचार करत बसला, हे मला आवडलं.

१४ जानेवारी, रविवार

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. सम्मती कट्ट्यावर अक्षता. नंदीध्वज बघून आलो, तळ्याच्या बाजूला मुंगीला वाट नाही. काम काही नाही.

मावशी तिथंच भेटली. तिची सात रस्त्याजवळ खाणावळ, तीसेक पोरं डबा लावून. महिन्याचे साठ डबे आगाऊ पैसे देऊन. भांडण कायम खाड्यांवरून. पोरगा म्हणतो मी चार दिवस गावी गेलतो, आठ खाडे धर. मावशीच्या वहीत सहा. "तुझ्या त्या कार्डाचा मला काय उपयोग व्हतोय का बघ की," ती म्हणाली, शेंगाची पोळी हातात देत.

उपयोग होतोय! ३४७ शिल्लक असलेलं कार्ड म्हणजे ३४७ वेळा एक कमी करता येईल असं एक मोजयंत्र. फेनिश म्हणा नाहीतर डबा म्हणा, चिपला काय त्याचं.

१७ जानेवारी, बुधवार

लिहायचा पहिला प्रयत्न. जर्मन चिपला २१ व्होल्ट लागत नाहीत, ती पाचावरच आपल्या आत जास्तीचा दाब तयार करते. कमी करायचं म्हणजे: रीसेट, मग हव्या त्या बिटापर्यंत ठोके, तिथं थांबून लिहायची खूण, मग काही मिलिसेकंद थांबायचं. "१" चा "०" होतो. किल्ल्याचं कार्ड घातलं. ३४७ चे ३४६ करायचे.

२८३ झाले.

पुन्हा वाचलं. २८३. आर्डुइनो बंद करून चालू केला. २८३.

चौसष्ट गेले, एका फटक्यात. एकाच्या खणासाठी ९६ व्या बिटापासून शोधायचं होतं. चौसष्टाच्या खणासाठी लिहिलेली ओळ मी तिथं चिकटवली आणि ८० चा आकडा बदलायचा राहून गेला. प्रोग्राम सरळ चौसष्टाच्या खणात जाऊन पहिला सापडलेला "१" जाळून आला.

फायलीत चूक झाली तर मागे घेता येते. सोल्डरिंग चुकलं तर उपसून परत करता येतं. इथं नाही. मामांच्या तीन मार्क सत्तेचाळीसातले चौसष्ट फेनिश सोलापुरात माझ्या टेबलावर खर्च झाले आणि फोनही लागला नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या गाळ्यातले अण्णा पूर्वी चादरीच्या मागावर जेकार्डच्या डिझाईनचे पुठ्ठे पंच करायचे. त्यांना कालचं सांगितलं, तर त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, "पुठ्ठ्याला भोक पाडलं की पाडलं. चुकीचं पडलं तर वरून कागद चिकटवायचा, पण सुई तिथं अडकायची, मोराच्या मानेत एक दोरा सुटायचा. नव्या पोराला आधी कोऱ्या पुठ्ठ्यावर शंभर भोकं पाडायला लावायचो."

कोऱ्या पुठ्ठ्यावर! मी थेट चांगल्या कार्डावर गेलो. आजपासून तालमीसाठी वेगळं कार्ड: १२ शिल्लक असलेलं. (जेकार्डही फ्रान्सचाच, लियोंचा. फ्रेंचांना कार्डांचं काय वेड आहे कळत नाही.)

२१ जानेवारी, रविवार

आज खरी मजेची गोष्ट कळली. एकाच्या खणातले आठही बिट जळाले की पुढं काय? त्या खणात "०" चा परत "१" करावाच लागतो. मग कार्ड भरता येत नाही असं मी म्हणत होतो ते खोटं?

खोटं नाही. शंभराची नोट मोडतो तसं आहे. आठाच्या खणातला एक बिट जाळला, की तेवढ्यापुरती चिप एकाचा खण पुसून आठही बिट परत "१" करू देते. आठ गेले, आठ आले, बेरीज तीच. पण वरच्या खणातला बिट नुकताच जळाला असेल तरच. नुसतं खालचा खण पुसा म्हटलं तर चिप ऐकत नाही. हा नियम प्रोग्राममध्ये नाही, सिलिकॉनमध्येच आहे. माझ्या हातात कोड कितीही असो, नोट आधी द्यावी लागते, मगच सुट्टे.

आणि सगळ्यात मोठ्या खणाच्या वर कोणी नाही. तो कधीच पुसला जात नाही. त्यामुळे एकूण आकडा फक्त उतरतो.

मग वाटलं, नोट दिली आणि सुट्टे हातात पडायच्या आधी दुकानदारानं शटर ओढलं तर? तालमीच्या कार्डात १२ होते: एक अठ्ठा, चार एकं. चारही एकं जाळली, उरले ८. आता अठ्ठा जाळला आणि एकाचा खण पुसायच्या आत खाचेतून कार्ड ओढून काढलं. परत घातलं. शून्य. आठाच्या आठ गेले, आणि आता पुसायला परवानगी पण नाही, कारण "नुकताच जळाला" ही आठवण पुरवठा गेल्याबरोबर गेली.

बघण्यासारखं म्हणजे तोटा कोणाचा झाला. कार्डवाल्याचा. फोन कंपनीचा कधीच नाही. उलट क्रमानं केलं असतं, आधी पुसून मग जाळलं असतं, तर कार्ड मध्ये ओढणाऱ्याला दर वेळी आठ फुकट मिळाले असते. बनवणाऱ्यांनी शंका आली तिथं आपल्या बाजूनं निवाडा केलाय. पुढच्या पिढीच्या चिपमध्ये खणांना जोडीचे राखीव बिट दिले, म्हणजे मध्येच ओढलं तरी फोनला कळावं आणि गिऱ्हाईकाचे पैसे जाऊ नयेत.

२४ जानेवारी, बुधवार

किल्ल्याच्या कार्डाचे २८३ चे ६० केले. या वेळी प्रत्येक पाऊल आधी वहीत, मग कार्डावर. चार चौसष्ट्यांतले तीन जाळले, उरले ९१. तीन एकं, तीन अठ्ठे जाळले, उरलं ६४, म्हणजे नुसती एक मोठी नोट. ती मोडून आठ अठ्ठे. त्यातला एक मोडून आठ एकं. चार एकं जाळली. सात अठ्ठे आणि चार, साठ.

यात डोकं का घातलं, ५० मार्काचं कार्ड तसंच का नाही दिलं? ४११८ म्हणजे ६८ महिन्यांचे डबे, साडेपाच वर्षं, पोरगा पदवी घेऊन नोकरीला लागेल. पण मग "या महिन्यात किती उरले" हे वहीतच बघावं लागेल आणि भांडण आहे तिथंच. कार्डात घातल्यावर जो आकडा दिसतो तोच खरा, वही नको, असं हवं होतं. शिवाय ते ५० मार्काचं कार्ड मामांना परत द्यायचं ठरवलंय.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. शिकाऊ पोरानं विचारलं, "सर, चिप फक्त बिट देते-घेते ना? मग मी आर्डुइनोच कार्डाच्या आकाराचा केला, आणि विचारलं की कायम ६० सांगितलं तर?"

हेच युरोपात झालं होतं. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर नकली कार्डं बनली, फोन बिट जाळायला सांगायचा, ते हो म्हणायचं आणि आकडा तोच राहायचा. खऱ्या चिपची सगळी हुशारी, नोटेचे सुट्टे वगैरे, फुकट गेली, कारण खोटी चिप नियम पाळायला बांधलेलीच नव्हती.

त्यावर उतारा म्हणून युरोचिप आली, एसएलई ४४३६ आणि तिच्या जातभाई. मोजणी तशीच मणीपाटीची, पण आत एक गुप्त किल्ली, जी कधी बाहेर वाचता येत नाही. फोन एक कुठलीतरी संख्या पाठवतो, दर वेळी वेगळी. चिप ती संख्या आपल्या किल्लीतून आणि आपल्या शिलकीतून फिरवून उत्तर देते. फोनच्या आत कुलूपबंद भागात मोठी किल्ली असते, तिच्यावरून आणि कार्डाच्या अनुक्रमांकावरून त्या एका कार्डाची किल्ली काढता येते, मग फोन तेच गणित स्वतः करून ताडून बघतो. जुळलं तर बोला. एका कार्डाची किल्ली फुटली तरी दुसऱ्याची फुटत नाही.

आणि हे सगळं टेलिफोन एक्स्चेंजला न विचारता, बूथमधल्या बूथमध्ये. एक्स्चेंज फक्त ठोके पाठवायचं, फोनवरच्या बोलण्याच्या पट्ट्याबाहेरच्या उंच सुरात, जर्मनीत १६ किलोहर्ट्झ, फ्रान्समध्ये १२. ठोका आला की फोन युनिट कापणार. लांबचा फोन असला की ठोके भराभर. आजी चालत होती तेव्हा हेच ठोके पडत होते.

आपल्याकडे याच ठोक्यांवर एसटीडीच्या बूथमधलं यंत्र बिल छापायचं आणि काचेच्या आड बसलेला माणूस पैसे घ्यायचा. म्हणजे आपल्या बूथमध्ये चिपचं काम माणूस करत होता. रात्री अकरानंतर पाव दर, तेव्हा बाहेर रांग. उधारी पण ठेवायचा तो. चिप उधारी ठेवत नाही.

२८ जानेवारी, रविवार

मावशीकडे यंत्र लावलं. डबा बनवायच्या टेबलावर खाच, वर दोन आकडी पडदा, एक हिरवं बटण. कार्ड घाला, आकडा दिसतो. बटण दाबा, एक कमी. हमीसाठी प्रोग्राम लिहिल्यानंतर परत वाचून बघतो, बिट खरंच जळाला तरच हिरवा दिवा. फोनही तेच करायचा म्हणे, जाळायचं आणि परत वाचून खात्री करायची.

मावशीनं कार्डावरचा किल्ला बघितला. "ह्यो भुईकोट न्हाई."

"नाही, जर्मनीतला आहे."

"हं. आणि म्हैना संपल्यावर परत साठ कसं भरायचं?"

"भरता येत नाही मावशी. म्हणून तर कोणाला गडबड करता येत नाही."

"मग दर म्हैन्याला नवं कार्ड? तुझ्याकडं हायत किती?"

साठाहून जास्त शिल्लक असलेली आठ होती. एक परत द्यायचं, उरली सात. तीस पोरांना. ती काही बोलली नाही, पण भाकरी थापायचा जोर वाढला.

एकाच पोराला देऊन बघू असं ठरलं. तो नर्सिंगला आहे, खाड्यांवरून सगळ्यात जास्त भांडतो तोच.

८ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा दिवस झाले. कार्ड ४१ वर. पहिला आठवडा बरा गेला. परवा त्यानं भांडण काढलं की मंगळवारी रात्रीचा डबा सांडला, सकाळी कार्ड दाबलेलं होतं, तो एक परत द्या. मावशीनं मला फोन केला, "वाढव की एक." म्हटलं, वाढत नाही. "असं कसं वाढत न्हाई? माझ्या वहीत तर मी खोडून लिव्हते."

शेवटी तिनं बुधवारी कार्ड न दाबताच त्याला डबा दिला. आणि वहीत लिहिलं: "१ डबा कार्डाबाहेर." म्हणजे वही चालूच आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

मामांना घेऊन मावशीकडे गेलो. ५० मार्कांचं कार्ड आधी त्यांच्या हातात दिलं आणि ४११८ सांगितले. ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. "हे १९९८ चं. आजी गेल्याची तार आली तेव्हा घेतलं होतं. मग फोन कुणाला करायचा." खिशात ठेवलं.

मग यंत्राकडे वळले. नर्सिंगच्या पोराचं कार्ड घातलं, बटण दाबलं. ३६ चे ३५. पुन्हा दाबायला निघाले तर मावशीनं हात धरला, "ते त्याचे डबे हायत, दादा."

"आवाज नाही का याला?" मामांनी विचारलं. "फोनमध्ये संपत आलं की वाजायचं. ते ऐकलं की आम्ही सगळे एकदम घाई करायचो, बरं मग, पोचल्यावर पत्र टाकतो, एवढंच."

संध्याकाळी दुकानातून बझर आणून बसवला. शेवटच्या पाच डब्यांना वाजतो.